खांद्यावरून काढलेला टॉवेल

धाकट्या मालकांनी त्या म्हाताऱ्या बाबांच्या खांद्यावरचा टॉवेल दोन बोटांनी उचलला. ओलं पोतेरं उचलावं तसा. मी नुकताच घातला होता तो. घडी मोडून, दोन्ही टोकं सारखी करून. टाळ्या अजून पुरत्या थांबल्याही नव्हत्या.

"सॉरी, सॉरी," मालक जमलेल्या गोऱ्या लोकांना इंग्रजीत म्हणाले. "खेड्यातली मुलगी आहे. तिला कळत नाही."

मग तोंड माझ्याकडे वळवलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "अक्कल गहाण टाकलीस का? हमालाला मान देतेस? तुमच्यात असंच असतं का?"

मी चाळिशीतली बाई. सोलापूर शहरात जन्मले, तिथंच वाढले. माझी मुलगी कॉलेजात शिकते. खेड्यातली मुलगी मी कधीच नव्हते, पण ते राहू द्या. 'तुमच्यात' हा शब्द मला बरोबर कळला. शाळेत ऐकलाय तो. भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीच्या तोंडून ऐकलाय. जात उघड विचारायची लाज वाटते, तेव्हा लोक 'तुमच्यात' म्हणतात. विमानातून इतक्या लांब आल्यावर तो पुन्हा कानावर पडेल असं वाटलं नव्हतं.

आणि हमाल. माझा बाप हमाल होता. मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहायचा. मालकांना ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ते तेच बोलले असते, असं मला आता वाटतं.

ही गोष्ट स्कॉटलंडमधल्या एका गोल्फच्या मैदानावरची. समुद्राच्या अगदी काठावरचं, फार जुनं मैदान. मी तिथं कशी पोचले, ते सांगायला हवं.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. टॉवेलचा. तिथं माझ्या आईनं उभं आयुष्य टॉवेलच्या कडा शिवल्या. तिची नजर गेली तेव्हा तिच्या मशीनवर मी बसले. पुढं मला चेकिंगचं टेबल मिळालं. शिवून आलेला माल तपासायचा, चुकलेला बाजूला काढायचा. आमच्या वस्तीतल्या बाईला ते टेबल त्याआधी कधी मिळालं नव्हतं. त्या टेबलाजवळ एक खुर्ची होती आणि वर पंखा होता. तुम्हाला हसू येईल, पण खुर्ची आणि पंखा मिळाल्यावर मी घरी पेढे नेले होते.

त्या वर्षी एक नवा माल सुरू झाला. हातरुमालाहून मोठे, टॉवेलहून लहान असे जाड तुकडे. एका टोकाला गोल भोक पाडून त्यात पितळी कडी बसवायची. मधोमध कसलंसं चिन्ह विणलेलं. हे काय म्हणून आम्ही बायका हसायचो. कुणी म्हणे बाळाचं लाळेरं, कुणी म्हणे म्हशीच्या गळ्यात बांधायला. मग कळलं, गोल्फ खेळणारे लोक काठ्यांच्या पिशवीला ते अडकवतात आणि त्यानं चेंडू पुसतात. चेंडू पुसायला टॉवेल. आमच्याकडं घरातल्या सगळ्यांत मिळून एक टॉवेल असायचा.

ज्या गोल्फ क्लबचा तो माल होता, त्यांनी एक मागणी केली. त्यांच्या समारंभाला मालकांबरोबर टॉवेल बनवणारी एक कामगार बाईही हवी. तिचा येण्याजाण्याचा खर्च ते करणार. मला बारावीपर्यंतचं इंग्रजी येत होतं, पासपोर्टचे सोपस्कार ऑफिसनं केले, आणि मी ठरले. थोरले मालक मला बोलावून म्हणाले, "नाव काढ आमचं." मी मान डोलावली. तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. नाव कुणाचं, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही.

निघायच्या दिवशी आईनं पिशवीत एक टॉवेल आणि एक पांढरी टोपी घातली. टॉवेल कारखान्यातला नव्हता, दुकानातून विकत आणलेला होता. कोरा, चौकडीचा.

मी म्हटलं, "आई, तितं टॉवेल-टोपी कोण घेतंय?"

ती म्हणाली, "कुणाच्याबी दारात जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. तितं जे वडीलधारं मानूस आसंल त्येला दे. माझ्याकडनं दिली म्हन."

आमच्याकडं मान असाच देतात. लग्नात, बारशात, घरभरणीला, पुरुषमाणसाला टॉवेल-टोपी. सगळीकडंच देतात म्हणा, पण आमच्या वस्तीत एक गोष्ट पक्की आहे. पहिला मान वयाला. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नगरसेवक आले होते. पुढच्या सोफ्यावर बसले होते. टॉवेल-टोपीचं ताट आलं ते त्यांच्यासमोरून पुढं गेलं आणि मांडवाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांसमोर थांबलं. आजोबा आयुष्यभर महापालिकेची गटारं साफ करत होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. आधी त्यांना, मग नगरसेवकांना. नगरसेवक थांबले मुकाट्यानं. त्यांनाही ही रीत माहीत होती. माझा बाप मात्र त्या कोपऱ्यापर्यंत कधी पोचला नाही. त्याच्या आधी त्याची पाठ गेली, मग छाती गेली, आणि केस पांढरे व्हायच्या आत तो गेला. मान वयाला द्यायचा म्हणतो आम्ही, पण आमची माणसं त्या वयाला पोचतात कुठं? हे मला फार उशिरा सुचलं.

तर ते मैदान. 'लिंक्स' म्हणतात म्हणे तसल्या समुद्राकाठच्या मैदानाला. धाकटे मालक वाटेत गाडीत त्याचं कौतुक सांगत होते. शेकडो वर्षं जुनं आहे, राजेरजवाडे खेळून गेलेत, जगभरातून लोक बघायला येतात. मी उतरून बघितलं तर माळरान. झाड नाही. वाळूचे उंचवटे, आखूड राठ गवत, काटेरी झुडपं आणि वारा. आमच्या एमआयडीसीच्या मागं असंच आहे, फक्त तिथं गवत वाळलेलं असतं आणि प्लास्टिकच्या पिशव्या उडत असतात. हेच बघायला एवढ्या लांब आलो का, असं मनात आलं आणि मला एकटीलाच हसू आलं.

मग मालकांच्या खांद्यापलीकडं समुद्र दिसला. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. सोलापूरच्या माणसाला तलाव माहीत. हा समुद्र करडा होता आणि संपतच नव्हता. मला थांबून बघायचं होतं. मालक म्हणाले, "चल चल, नंतर बघ." ते नंतर काही झालं नाही.

क्लबची इमारत दगडी. आत काचेच्या कपाटात जुन्या लाकडी काठ्या मांडलेल्या. भिंतीवर लाकडी फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत आजवरच्या कॅप्टनांची नावं. क्लबच्या प्रमुखाला तिथं कॅप्टन म्हणतात. मी वरपासून खालपर्यंत नावं वाचली. एकही बाईचं नव्हतं. क्लबसाठी आमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, अगदी आत्ताआत्तापर्यंत बायकांना या खोलीत यायला मनाई होती. त्यांनी ते हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. ज्या खोलीत यायला मनाई असते, त्या खोलीची कहाणी आमच्या घरातही आहे. आम्ही ती हसत सांगत नाही.

मला एका टेबलाशी बसवलं. पुढ्यात मशीन नव्हतं, सुईदोरा दिला. टॉवेलची कड हातानं शिवून दाखवायची. कारखान्यात कुणी हातानं शिवत नाही, पण मालक म्हणाले, "हातानंच दाखव, चांगलं वाटतं." लोक यायचे, वाकून बघायचे, मान हलवायचे. एकानं फोटो काढले. मी पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला. मग त्याच्या कॅमेऱ्यात डोकावले तर सगळ्या फोटोंत माझे नुसते हात होते. मनगटापर्यंतचे. तोंड एकातही नव्हतं. आईनं लुगड्याच्या ट्रंकेतून काढून दिलेली चांगली साडी मी नेसले होते.

दुपारी सगळे बाहेर आले. खेळ सुरू व्हायचा होता, त्याआधी एक फोटो. मी मालकांना सकाळीच विचारून ठेवलं होतं, टॉवेल-टोपी आणलीय, दिली तर चालेल का. ते खूश झाले होते. "मस्त. फोटोच्या वेळी घाल," म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरज वाटली नाही आणि मला विचारायची.

तिथं एक बाबा उभे होते. सत्तरी कधीच ओलांडलेले. वाऱ्यानं रापलेला चेहरा, पांढऱ्या भुवया. शेजारी काठ्यांची मोठी पिशवी, तिला आमचा टॉवेल अडकवलेला. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या पाठीवर हात ठेवत होता. त्यांनी मला बघितलं, जवळ आले आणि माझं नाव विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणी तरी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते चुकीचं म्हटलं, मी हसले, त्यांनी पुन्हा म्हटलं. बरोबर येईपर्यंत म्हणत राहिले. मग पिशवीचा टॉवेल उचलून म्हणाले, "हा तू केलास? चांगला आहे. पाणी पितो." एवढंच इंग्रजी होतं आणि मला सगळं कळलं. मी मनात म्हटलं, हेच या घरचे वडीलधारे.

मी टॉवेल काढला. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हे माझ्या आईकडून, सगळ्यांत मोठ्या माणसाला. त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि मान खाली घातली. माझा हात पोचावा म्हणून गुडघ्यात थोडे वाकलेसुद्धा. मी खांद्यांवर टॉवेल घातला. डोक्यावर टोपी ठेवली. वारा इतका होता की टोपी त्यांना हातानं धरावी लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचे डोळे भरले होते. वाऱ्यानंही असेल.

ते पिशवी वाहणारे होते. कॅडी म्हणतात. कॅप्टन त्यांच्या शेजारी उभा होता, माझ्याहून थोडाच मोठा, निळा स्वेटर घातलेला. मला ते माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी मी बाबांनाच मान दिला असता, हे आज मी कुणालाही सांगायला तयार आहे. तिथं सगळ्यांत मोठे तेच होते.

मालकांनी टॉवेल काढून कॅप्टनच्या गळ्यात टाकला. कॅप्टन अवघडला. त्याचे कान लाल झाले. फोटोवाला म्हणाला, तसं नको, त्या बाईंनीच घालताना हवं. मग मालकांनी टॉवेल पुन्हा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"घे. नीट घाल. आणि हस."

मी टॉवेल हातात घेतला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी बाबांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. टोपी डोक्यावरून काढून त्यांनी हातात धरली होती. भीती होती, शरम होती, आणि त्याखाली दुसरंच काही तरी वर येत होतं. आजवर मी मालकांना 'व्हय' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. आईनंही नव्हतं.

"न्हाई घालणार," मी म्हटलं.

"काय?"

"दिलेला मान काढून दुसऱ्याला देत न्हाईत. आमच्यात असंच असतंय."

मालकांचं हसू गेलं. मी टॉवेलची घडी केली. बाबा पिशवी खांद्याला लावून निघाले होते. त्यांचं काम सुरू झालं होतं. मी गवतावरून त्यांच्यामागं गेले. चपला वाळूत रुतत होत्या. त्यांना गाठलं आणि टॉवेल पुढं केला. म्हटलं, हा तुमचाच आहे.

त्यांनी टॉवेलकडं बघितलं. मग मान वळवून लांब उभ्या असलेल्या कॅप्टनकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. ती नजर मी ओळखते. यार्डात कुणी व्यापारी माझ्या बापाशी बरं बोलला, चहा घे म्हणाला, की बाप असाच आधी मुकादमाकडं बघायचा. चहा घेऊ का, असं विचारणारी नजर. ती नजर सोलापुरातच असते असं मला वाटत होतं. इतक्या थंड मुलखात, इतक्या गोऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती सापडेल असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तुझं काम जाईल." आणि टोपीची नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात परत दिली.

ते पिशवी घेऊन पुढं गेले. मी तिथंच उभी राहिले. मागं समुद्राचा आवाज येत होता आणि मी वळून बघितलं नाही. मी रडले. मालकांच्या बोलण्यासाठी नाही. आईनं घेतलेली टोपी एका म्हाताऱ्या माणसानं भीतीपोटी परत केली, त्यासाठी रडले.

परतीच्या प्रवासात मालक माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

सोलापुरात आल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या चेकिंगच्या टेबलाशी दुसरी बाई बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, बिचारीचा काय दोष. सुपरवायझरनं मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं जमिनीवर बसून टॉवेलचे लोंबणारे धागे कापायचे असतात. मशीन मिळायच्या आधी आई तरुणपणी जिथं बसायची तिथंच. कापसाची धूळ नाकातोंडात जाते, संध्याकाळी थुंकी पांढरी येते. मी बसले. कात्री घेतली.

खंडेनवमी जवळ आली तसा थोरल्या मालकांचा निरोप आला. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, सगळा कारखाना एकत्र जमतो. सगळ्यांसमोर धाकट्या मालकांची माफी मागायची, की दुसऱ्या दिवसापासून टेबल परत.

आईला तोवर मी खरं काही सांगितलं नव्हतं. थंडी लई होती, लोक चांगले होते, एवढंच. टॉवेल-टोपी दिली का, म्हणून तिनं विचारलं होतं, मी दिली म्हटलं होतं. माफीचं तिला शेजारणीकडून कळलं.

"माग की," ती म्हणाली. "दोन शबुद बोलायचं. काय झिजतंय? धूळ खाऊन मी आंदळी झाले, आता तू हो."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती खाटेवर बसून ऐकत होती. तिला नीट दिसत नाही, म्हणून ती बोलणाऱ्याकडं कान करून बसते. बोलून झाल्यावर मी ट्रंकेतून टॉवेल आणि टोपी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं चाचपून बघितली.

"त्या बाबानं सोता परत दिली?"

"व्हय."

"भिऊन?"

"व्हय."

ती टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, नुसतं पाणी. म्हणाली, "तुज्या बापाला कुनी कदी दिली न्हाई बग. मी पन न्हाई दिली. म्हनायचे, म्हातारा झालो की देशील."

त्यानंतर ती मला माफी माग म्हणाली नाही. नको मागू, असंही म्हणाली नाही. मी कात्रीला धार लावून आणली आणि कामावर जात राहिले.

खंडेनवमीला यंत्रं बंद होती. वर्षातून त्या एकाच दिवशी आमच्या शेडमध्ये माणसाचा आवाज ऐकू येतो. झेंडूच्या माळा, कुंकू, नारळ. थोरले मालक पुढं बसले होते, शेजारी धाकटे. पूजा झाली आणि सुपरवायझरनं माझं नाव घेतलं. मी उठून पुढं गेले.

"बोल," थोरले मालक म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. ते मनानं मला माफ करून बसले होते.

मी म्हटलं, "मालक, माझी चूक न्हाई. मी वयानं मोठ्या मानसाला मान दिला. धाकट्या मालकांनी त्यो काढून घेतला. माफी मागायची हाय ती त्यांनी, त्या बाबांची."

बायकांच्या रांगेत कुणी तरी खोकलं. धाकटे मालक उठून ऑफिसात गेले. थोरले मालक माझ्याकडं बघत राहिले, जणू एखादी वस्तू बोलायला लागली. मग म्हणाले, "जा, बस." मी जाऊन बसले. त्या दिवशीचा प्रसाद मला वाढला गेला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं तिच्यातला अर्धा माझ्या हातावर ठेवला, पण इकडंतिकडं बघून ठेवला. तिचंही घर आहे.

टेबल परत मिळालं नाही. मिळणार नाही. मी अजून मागच्या शेडमध्ये धागे कापते. धुळीनं छाती भरते, डोळे चुरचुरतात, आणि आईचं काय झालं ते मी रोज घरी बघते. मुलगी म्हणते, आई, सोड ते काम, दुसरीकडं बघ. मी सोडणार नाही. सोडलं तर ते म्हणतील, गेली, कुठं तरी गेली, कटकट मिटली. मला मिटायचं नाही. मी त्यांच्या डोळ्यांसमोर रोज फाटकातून आत येणार, माझं काम चोख करणार. पुढच्या खंडेनवमीला माझं नाव घेतलं तर पुन्हा उभी राहणार आणि तेच वाक्य पुन्हा बोलणार. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, सगळ्यांसमोर, कारण सांगून. माफी मी मागणार नाही.